कारापूरच्या सहा पुरवठादार

चहाच्या प्रत्येक पानामागे एक माणूस असतो आणि त्या माणसाला त्याचं नाव व मोल मिळालंच पाहिजे, असं ऋतिकाच्या डब्यावर छापलेलं होतं. डब्यात चहाचं पान एकही नव्हतं. गवती चहा होता, सावलीत वाळवून कात्रीने बारीक केलेला.

तो कारापुरातल्या सहा बायका पुरवत. प्रत्येक डब्यावर पिकवणारीचं नाव. जर्मनीतल्या दुकानाला त्याचं प्रमाणपत्र हवं होतं: जिचं नाव, तिच्याच परसातली पात. ते नसेल तर दुकान एकही डबा घेणार नव्हतं, आणि ऋतिकाने या डब्यांसाठी पणजीतली नोकरी सोडली होती.

म्हणून महिनाभर आधीच तिने सहाही जणींना बजावलं, "पाहणीला परसातली गवती चहाची थोंबं भरलेली दिसली पाहिजेत. बोडकी नकोत."

पाहणीला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या रोहिणी मॅडम आल्या, मूळच्या बेळगावच्या. चंद्रावतीकाकूंच्या न्हाणीमागचं थोंब कमरेइतकं वाढलेलं. मॅडमनी वही उघडली.

"काकू, परवा दोन किलो पात दिलीत. यातलं एकही पातं कापलेलं दिसत नाही."

"ह्या कित्याक कापू? तुमी बघूक येतलात म्हणान राखलंय."

"मग दिलेली पात कुठली?"

काकूंनी ऋतिकाकडे पाहिलं. घरातली गोष्ट पोरीने उगाच परक्यापुढे काढायला लावली, असं ते पाहणं होतं.

"हिच्याच घराकडली."

"काकू, मी कधी लावली?"

"तू खंय लावतलंस बाय. तुज्या आवशीन लावल्यान."

सुशीलाकाकूंचं थोंबही भरगच्च. उत्तर तेच. रंजनाने तर आपल्या थोंबाभोवती विटा मांडून चुना लावला होता. चौथ्या दारात ऋतिका गेली नाही. "घरीच जाऊया," म्हणाली.

घरामागचा विहिरीपासून खाली उतरणारा अख्खा उतार गवती चहाचा, घोट्यापर्यंत कापलेला होता. आई, सुमंगला, कोयता धूत होती.

"सगळ्यांना तू देत होतीस?"

"मागल्यार नाय कशी म्हणू? गवत ता."

"मला सांगायचंस तरी."

"तूच सांगलेलंस, त्यांची थोंबां भरलेली दिसाक होयी. मगे ती कापतली खंय?"

रोहिणी मॅडमनी पेन काढलं. "आईंचं नाव पुरवठादारांत आहे?"

"नाही."

"मोबदला?"

"शेजारणीक गवत दिल्याचे पैशे?" आईने मॅडमना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बसा, च्या करतंय."

मॅडमनी व्हरांड्यात बसून लिहिलं: पुरवठादार सहा, पिकवणारी एक, तिला मोबदला नाही. ऋतिकाने ते उलटं वाचलं आणि सुलटं वाचायची तसदी घेतली नाही.

आई कप घेऊन आली. पावडरीचा, दुधाचा चहा. गवती चहा घरात शिल्लक नव्हता.