काडतुसाचे बारसे

१९१५ सालच्या कार्तिकात जव्हारच्या कचेरीत काडतुसांचे दोन डबे होते. एक रिकामा होता आणि तो वापरायला परवानगी होती. दुसरा भरलेला होता आणि त्याला बंदी होती.

रिकाम्या डब्यावर '२७५' छापले होते. भरलेल्यावर '७ × ५७', आणि खाली जर्मन कारखान्याचे नाव. युद्ध सुरू होऊन वर्ष उलटले होते. शत्रूचा माल सील करावा असे परिपत्रक आले, त्याच दिवशी हेडकारकून भाऊसाहेबांनी त्या डब्यावर लाख ओतली. जव्हारपुरते युद्ध त्यांनी तिथेच जिंकले.

वाघाला परिपत्रक मिळाले नव्हते. त्याने जवळच्या दाभोसा गावात दोन माणसे नेली. दुसरा नवशीचा नवरा. तिची नागली पिकून वाळली होती, दाणे गळायला लागले होते आणि शेतात पाऊल टाकायची कोणाची छाती होत नव्हती. घरात दोन लहान मुली, आणि वर्षाचे खाणे त्या शेतात. नवशी चालत जव्हारला आली आणि कचेरीच्या ओट्यावर बसली.

"बंदूक आहे, शिकारी मंगळू आहे," भाऊसाहेब म्हणाले. "फक्त गोळी नाही. मुंबईला लिहिलंय."

शेवटच्या पाच गोळ्या एका पाहुण्या साहेबाने माळावर बाटल्या फोडायला वापरल्या होत्या. बाटल्यांपासून रयतेला आता धोका नव्हता.

संस्थानच्या बंदुका दुरुस्त करणारा मंसूर तिथेच होता. "भाऊसाहेब, दोन्ही डब्यांतलं काडतूस एकच."

"मिस्त्री, सात कुठे आणि दोनशे पंच्याहत्तर कुठे!"

"जर्मन मिलिमीटरमध्ये मोजतो, इंग्रज इंचाच्या हजाराव्या भागात. नळीचं भोक तेच. सत्तावन्न ही पितळी पुंगळीची लांबी. काडतूस जर्मनाने आखलं, इंग्रजाने त्याच्यासाठी बंदूक केली आणि विकताना आपल्या मापाचं नाव दिलं."

"म्हणजे इंग्रज शत्रूचा माल आपल्या नावावर खपवतो. लिहून देता?"

मंसूरने लिहून दिले नाही. गोळी खरे तर दोन्ही आकड्यांपेक्षा किंचित जाड असते, हेही तो बोलला नाही. तिसऱ्या आकड्यावर चौकशी बसली असती.

आठव्या दिवशी मुंबईचे पार्सल आले. नवा कोरा इंग्रजी डबा. वर ठळक '२७५', आणि खाली बारीक अक्षरांत '७ मिलिमीटर मॉझर'. मंसूरने त्या ओळीवर बोट ठेवले.

"आता वाचा."

भाऊसाहेबांनी दोनदा वाचले. मग त्यांनी लाख तापवायला सांगितली.

"बरं झालं दाखवलंत, मंसूरमियाँ. हाही शत्रूचाच निघाला."

ओट्यावर पुन्हा येऊन बसलेल्या नवशीने विचारले, "काय झालं, मिस्त्री?"

"माझं म्हणणं पटलं त्यांना."

नवा डबाही सील झालेला पाहून नवशी उठून दारात आली. "साहेब, गोळी वाईट नाय, नाव वाईट हाय ना? आमच्यात पोर सारखं आजारी पडलं तर भगत नाव बदलतो. पोर तेच ऱ्हातं."

"अगं बाई, ही कचेरी आहे!" भाऊसाहेब म्हणाले आणि परिपत्रक पुन्हा वाचायला बसले. नाव बदलू नये असे त्यात कुठेही नव्हते.

बारसे दुपारी झाले. 'जव्हार शिकारी, नंबर एक' हे नाव मुक्रर झाले. नंबर दोन अस्तित्वात नव्हता, पण एकाने वजन येत होते. मंसूरने लाख फोडली, दोन्ही डब्यांवरचे कागद खरवडले आणि खळीने नवे चिकटवले.

"पुंगळ्यांच्या बुडाला जर्मन अक्षरं ठोकलेली आहेत," भाऊसाहेबांच्या लक्षात आले. "कानस मारा."

"मारतो. तुम्ही जरा लांब उभे राहा. बुडालाच बार उडवणारी केप असते."

"राहू द्या. बुडाकडे कोण बघतो?"

मंगळूला सहा काडतुसे मिळाली. नवशीच्या शेताच्या कडेला माच बांधून तो बसला आणि तिसऱ्या दिवशी, उजेड असतानाच, एका गोळीत वाघ पडला. ती गोळी कोणत्या डब्यातली हे मंसूरलाही सांगता आले नसते. भाऊसाहेबांच्या अहवालात नव्या नावाच्या काडतुसाची बरीच तारीफ होती. 'विलंब' या रकान्यात 'नाही' असे लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी नवशी विळा घेऊन शेतात गेली. निम्मी कणसे रिकामी झाली होती. उभे होते ते तिने कापले. मग केरसुणी आणून ती जमीन झाडू लागली आणि मातीचे ढीग सुपात घेऊन पाखडू लागली. माच सोडायला आलेला मंगळू थांबला.

"मातीतून काय येचतेस गं?"

"साहेबाचे आठ दिवस," ती म्हणाली आणि पुढचे सूप भरले.