विमान मी पाडलं नाही

मी एक जुना रिसीव्हर आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, मोकळ्या रानात उडणारं हौशी माणसांचं छोटं विमान तुम्ही पाहिलं असेल. खाली उभा माणूस रिमोटच्या दांड्या हलवतो आणि वर विमान वळतं. मधलं काम माझं. रिमोटचा हुकूम मी हवेतून ऐकतो आणि पंखांना, शेपटीला कळवतो. टाळ्या मात्र रिमोटवाल्याला. काडेपेटीएवढ्या डबीला कोण विचारतो?

मला आणलं साक्रीच्या ज्ञानेश्वरभाऊंनी. ते शाळेत चित्रकला शिकवतात. हलक्या लाकडाचं विमान त्यांनी स्वतः बनवलं, मला त्याच्या पोटात बसवलं आणि माझी लांब वायर शेपटीपर्यंत सरळ ताणून लावली. ती वायर म्हणजे माझा कान. ती मोकळी असली तरच मला दुरून ऐकू येतं. पुढे हे विमान त्यांनी एरंडोलच्या अभिमनला, आपल्या साडूला, हौसेनं भेट दिलं. सुनिता ज्ञानेश्वरभाऊंची बायको, आणि तिची धाकटी बहीण रोहिणी अभिमनची.

ज्ञानेश्वरभाऊंनी स्वतःसाठी दुसरं विमान केलं, पण दोघा साडवांच्या रिमोटची रेडिओलहर एकच होती. दोन्ही एकदम सुरू झाले तर मला कुणाचंच ऐकू येणार नाही आणि विमान पडणार. म्हणून त्यांनी नियम केला होता. कपडे वाळत घालायचा एक चिमटा ठेवला, आणि तो ज्याच्या खिशाला लावलेला, त्यानंच रिमोट सुरू करायचा. कपाशी काढून रान मोकळं झालं की दोघं तिथे जायचे. दोघी बहिणी बांधावर बसून शेंगा सोलायच्या. ते दिवस बरे होते, एवढं मीही मान्य करतो.

अभिमन विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतो, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळतो. हात सोन्याचा, पण खोड वाईट. लोंबती वायर दिसली की तो तिला गुंडाळल्याशिवाय राहत नाही. एका दुपारी विमान पुसता पुसता त्यानं माझी वायर सोडवली, तिचं घट्ट वेटोळं केलं, दोऱ्यानं बांधलं आणि वर मोटारीचं वार्निशही लावलं. आता कसं नीटनेटकं दिसतं, असं रोहिणीला कौतुकानं दाखवलं. माझ्या कानात बोळा कोंबून त्याला नीटनेटकं वाटत होतं!

पुढच्याच रविवारी विमान दूर शेजारच्या बाजरीवर गेलं आणि मला काही ऐकू येईना. ते गरकन फिरलं आणि नाकावर आपटलं. आजवर ज्ञानेश्वरभाऊंना 'तुम्ही' म्हणणारा अभिमन एकदम 'तू'वर आला.

"तुना रिमोट चालू व्हता," तो म्हणाला.

"चिमटा तुना खिशामा शे," ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले. "मना रिमोट पेटीमा शे. देखी ले."

त्यानं पाहिलं नाही. घरी येऊन मला टेबलावर ठेवलं, शेजारीच रिमोट धरला आणि दांड्या हलवल्या. मी चोख काम केलं. हातभर अंतरावरून बहिऱ्यालाही ऐकू येतं! पण अभिमनला पुरावा मिळाला. रिसीव्हर चांगला, म्हणजे साडूनंच डाव साधला.

मग दोन्ही घरं तुटली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोका बांधतात. त्या वर्षी अभिमननं बजावलं, तुझी अक्का जाणार असेल तर तू जायचं नाही. रोहिणी गेली नाही. तिची आई वच्छलाबाई फोनवर रडली आणि रोहिणीनं अभिमनशी बोलणं कमी केलं. मला त्यानं मोडक्या विमानासकट माळ्यावर टाकलं. वर्षभर मी धूळ खाल्ली आणि त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

यंदा त्यानं विमान दुरुस्त केलं. साडू नव्हता, म्हणून धरायला रोहिणीला घेतलं. उडवण्याआधी ती विमान हातात धरून रानातून लांब चालत गेली आणि तो मागे उभा राहून रिमोटच्या दांड्या हलवत होता. मला ऐकू येईनासं झालं आणि शेपटी थरथरू लागली. रोहिणीनं मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"भाऊ तं आठे नहीत," ती ओरडून म्हणाली. "मंग हाई काब्र थरथरस?"

साडू नसताना शेपटी का थरथरते, हे पाहायला अभिमन धावत आला. त्यानं विमानाचं पोट उघडलं. आत त्याचंच वेटोळं होतं, त्याच्याच हातची गाठ होती. मग त्यानं दोरा तोडला, वायर उलगडली आणि रोहिणीला पुन्हा चालायला सांगितलं. रानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

मला वाटलं, आता माझी बाजू मांडली जाईल. आखाजीला अभिमन मला खिशात घालून रोहिणीबरोबर सासुरवाडीला गेला. अंगणात ज्ञानेश्वरभाऊ बसले होते. अभिमननं मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, हाऊ रिसीव्हरच खराब व्हता."

खोटं! धडधडीत खोटं! रोहिणीला सगळं माहीत होतं, पण तीही गप्प राहिली. ज्ञानेश्वरभाऊंनी मला उचललं. वायरवरचे गोल गोल बाक त्यांनी बोटानं चाचपले, वार्निशचा वास घेतला. त्यांना कळलं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी एकदा साडूकडे पाहिलं आणि एकदा झोक्याजवळ उभ्या असलेल्या दोघी बहिणींकडे.

"जुनाच शे हाऊ," ते म्हणाले. "टाकी दे."

आणि स्वतःच्या हातानं त्यांनी मला उकिरड्यावर भिरकावलं. मागे सुनिता हसत होती, रोहिणीला झोका देत होती. वच्छलाबाईनं दोन्ही जावयांना पाटाला पाट लावून जेवायला बसवलं.

मित्रांनो, आमची वायर गुंडाळू नका, कापू नका. विमान उडवण्याआधी दूर जाऊन तपासा, टेबलावरच्या खात्रीवर जाऊ नका. आणि तुमच्या चुकीचं खापर फोडून दोन घरं जुळणारच असतील, तर फोडा बापडे माझ्या डोक्यावर. फक्त फेकताना जरा हळू फेका.