लिंबूच्या झाडावरचा तक्षक

केशोराव पाटलांच्या अंगणात सगळा भुरकीटोला गोळा झाला होता. मधोमध पाटावर फणीबाबा बसला होता, त्याच्या हातात लिंबूची फांदी आणि फांदीवर बोटाएवढा हिरवागार जीव. त्या जिवाच्या खांद्यांवर काळे डोळे वटारलेले. बाबानं फांदी कपाळाला लावली आणि दरडावलं, "बोलो तक्षक महाराज, पापी कौन?" त्याबरोबर त्या जिवाच्या डोक्यातून लाल, दुभंगलेली जीभ सर्रकन बाहेर आली. उग्र वास सुटला. बायकांनी पदर नाकाला लावले, माणसांनी हात जोडले.

"ये साक्षात नागराज का बच्चा है! पाप सूंघता है, पाप!" बाबा ओरडला.

त्या प्राण्याला नाक कुठं होतं, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

ही गोष्ट १९३६ सालची. नवेगाव बांधाच्या आसपासच्या गावांत देवीची लस टोचत मी हिंडत असे. लोक मला 'टिकेवाले' म्हणत. दसरा उलटला होता, धान निसवलं होतं आणि घरोघरी हिवताप होता. भुरकीटोल्यात पंधरा दिवसांत दोन लेकरं तापानं गेली होती. पाटलांचा नातूही अंथरुणाला खिळला, तेव्हा छत्तीसगडकडून आलेल्या या बाबाला पाटलांनी बोकड कबूल करून ठेवून घेतलं. गावात कोणी टोनही, म्हणजे चेटकीण, आहे आणि तक्षक ती दाखवील, असं त्यानं सांगितलं होतं.

एकेकानं पुढं येऊन त्या जिवाच्या पाठीवर बोट टेकवायचं होतं. पाटलांचा मुलगा टिकाराम आला. जीभ निघाली नाही. दुकानदार चुन्नीलाल आला. जीभ निघाली नाही. मग बाबानं मंगलीला बोलावलं.

मंगली गोंडाची. नवरा जंगलात झाडाखाली सापडून मेला, तेव्हापासून लोकांच्या बाड्यांमध्ये, म्हणजे घरामागच्या बागांमध्ये, राबून एकटी राहत होती. गेलेल्या लेकरांपैकी एकाला तिनं मुळी उगाळून पाजली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिनं बोट टेकवलं मात्र, लाल जीभ फटकन बाहेर!

"टोनही!" कोणीतरी किंचाळलं.

"मी काईच नाई केली, बाप्पा!" ती पाटलांच्या पायांशी वाकली. "त्या लेकराले तर माह्याच हातानं पेज चारत होती..."

शनिवारी सकाळी तिचं मुंडन करून तिला शिवेपार घालायचं ठरलं. तोवर तिला पाटलांच्या गोठ्यात कोंडलं. हे सगळं घडताना मी सरकारी पिशवी काखेत मारून खांबाला टेकून उभा होतो.

शुक्रवारी माझे पाय एका जागी ठरेनात. लस टोचायला कोणी दार उघडेना. या गल्लीतून त्या गल्लीत, तिथून तलावाच्या बांधावर आणि परत. सापाचं अंगही असंच गुळगुळीत असतं, पण त्याला पाय नसतात. या जिवाच्या पोटाखाली तर आखूड पायांची रांग मी पाहिली होती. मग तो होता तरी काय? आणि मंगलीलाच का जीभ दाखवली? उत्तर सापडेना आणि शनिवार जवळ येत होता.

असाच भटकताना अनुसयाबाईंच्या बाडीच्या कुंपणाशी आलो. ही कोहळी जातीची विधवा, घरामागं लिंबूची चार झाडं राखून होती. ती झाडावरून काहीतरी उचलून गाडग्यात टाकत होती.

"काय वेचून राहिल्या, बाई?"

ती दचकली. "अळ्या, जी. दरवर्साले येतेत. नाई वेचल्या तं झाड बोडकं करतेत."

मी गाडग्यात डोकावलो. तक्षक महाराजांची पंधरा-वीस भावंडं एकमेकांच्या अंगावरून चढत होती!

"अहो, हे तर बाबाचं..."

"मले मालूम हाय."

"मग काल काऊन नाही बोलल्या?"

"एकल्या बाईनं बोलाव अन् उद्या ते जीभ माह्यावर निघाव?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमी त सरकारी मानूस. तुमी काऊन नाई बोलले?"

मी एका अळीच्या पाठीला बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. काही नाही.

"असी नाई निघत. मागून चिमटा घ्या."

मी शेपटीकडून दाबलं. लाल दुभंगलेली जीभ वर आली आणि तोच वास बोटांना लागला.

"पाखरू टोचाले आलं का असी भेववते त्याले," ती म्हणाली. "जीभ काहाची जी, शिंग होय ते तिचं. मंग काही दिसानं फांदीले टांगून घेते अन् तितली होऊन उडून जाते." एका डहाळीला सुताच्या फासात अडकलेला कोश तिनं दाखवला. तो काळवंडला होता. "हा उद्या फुटन."

बाबानं फांदी कशी धरली होती ते मला आता आठवलं. अंगठा सदा अळीच्या शेपटीखाली, आणि अंगठ्याचं नख वाढवलेलं.

"बाई, उद्या या. गावासमोर एवढंच दाखवा."

ती गाडग्यावर फडकं बांधून आत गेली.

शनिवारी अंगण पुन्हा भरलं. न्हावी वस्तरा परजत होता. मंगलीच्या डोळ्यांत आता पाणीही नव्हतं. मी पुढं झालो.

"पाटील, थांबा. ही नागाची अवलाद नाही, अळी आहे. बाबा खालून नख लावतो!"

"सरकारी कुत्ता!" बाबा गरजला. "तक्षक का अपमान! गाव जल जाएगा!"

लोक माझ्यावर चालून आले. टिकारामनं माझी गचांडी धरली. "माह्या पोराचा ताप उतरला नाई त तुमी देसान का जीव?"

"सोड त्याइले."

सगळे वळले. दारात अनुसयाबाई उभी होती. हातात सूप, सुपात लिंबूच्या डहाळ्या आणि डहाळ्यांवर अळ्याच अळ्या आणि तो काळवंडलेला कोश. ती सरळ पाटलांसमोर आली.

"केशोराव भाऊजी, लावा बोट."

"मी कायले?"

"लावा त."

पाटलांनी बोट लावलं. अनुसयाबाईनं अळीला मागून चिमटा घेतला. लाल जीभ बाहेर! पाटील मागं सरकले.

"आता तुमी टोनही झाले का, भाऊजी?" तिनं डहाळी फिरवली. चुन्नीलाल, जीभ बाहेर. न्हावी, जीभ बाहेर. टिकाराम, जीभ बाहेर. मग मंगलीचा हात तिनं स्वतः धरून अळीवर ठेवला, चिमटा घेतलाच नाही. अळी पान खात राहिली.

"बाबा, आता तुमी."

बाबा पाटावरून उठला होता. टिकारामनं त्याचा हात धरून उलटा केला. अंगठ्याचं नख धारदार, टोकाशी हिरवं झालेलं.

"हमारा तक्षक अलग है," बाबा पुटपुटला, पण आता कोणाचे हात जोडलेले नव्हते. बोकड न घेताच तो वाटेला लागला.

कोश तेव्हा काही फुटला नाही. दुपारी, अंगण रिकामं झाल्यावर, त्यातून काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू निघालं. पाहायला आम्ही चारच जण होतो. पाटलांच्या नातवाला मी पिशवीतलं कुनैन दिलं, खाट तलावाकाठच्या पडवीतून हलवायला लावली. पोराचा ताप आठवड्यानं उतरला. डासांनी दिलेला ताप औषधानं गेला; त्यात ना तक्षक होता, ना टोनही.

"आमाले वाटतच होतं जी, बाबा लबाड होय," चुन्नीलाल नंतर सर्वांना सांगत होता.

मंगली मात्र थांबली नाही. अनुसयाबाईनं तिला आपल्या घरी राहायला सांगितलं. "तू आलीस, बाई. बाकीचे?" एवढंच ती म्हणाली आणि भावाकडे सालेकशाला निघून गेली. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. माफी मागायची होती. ती मला जमली नाही.

भुरकीटोल्यात ज्यांच्या बाडीत लिंबू होतं त्या प्रत्येक घरानं ती अळी जन्मभर पाहिली होती. तरीही बाबानं पाटावर बसून तिला तक्षक म्हटलं आणि घरच्या ओळखीच्या किड्यापुढं साऱ्या गावानं हात जोडले. तेव्हा वाचकहो, असा कोणी तुमच्या गावात आला तर चमत्कार जवळ जाऊन पाहा, स्वतः करून पाहा, ज्यांना त्यातलं कळतं त्यांना विचारा. पण त्याआधी एक करा. ज्या माणसाकडे बोट दाखवलं गेलं असेल त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. अळीची चौकशी दोन दिवसांनी केली तरी चालते.