बंद नळ आणि माझी कुरकुर

मी पंप बोलतोय. विहिरीवरचा दांडगा पंप नव्हे. त्याचा आवाज शेतं ओलांडून जातो आणि त्याचा त्याला गर्वही आहे. मी चाकांवरच्या घरातला, सिंकखालच्या कपाटात बसवलेला, दोन्ही हातांत मावेल एवढा पंप. बॅटरीवर चालतो आणि मला एकच शब्द येतो: कुर्रर्र. पण या एका शब्दावरून एका वयस्क जोडप्यात अबोला झाला, गावात चमत्कार झाला आणि मी भंगारात जाता जाता राहिलो. तेव्हा माझी बाजूही कुणीतरी ऐकावी असं मला वाटतं.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही, कारण बराच काळ मी खोक्यात उलटा पडून होतो. बाहेर निघालो तो थेट पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात, भागोजींच्या अंगणात.

भागोजींनी उभं आयुष्य ट्रक चालवला. मीठ नेलं, विटा नेल्या, कांदे नेले. घरी आले की बायकोला, ठमाबाईंना, मुलखाच्या गोष्टी सांगायचे. ठमाबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि हं म्हणायच्या. त्या मिठागरावर वाढलेल्या. स्वतः मात्र कुठे गेल्या नाहीत, कारण लॉजवर त्यांना झोप लागत नाही आणि परक्या मोरीत आंघोळ त्यांना जमत नाही. ट्रक विकल्यावर भागोजींच्या मनाने घेतलं की बाई घर सोडत नसेल तर घरच बाईबरोबर न्यायचं. ट्रकची बॉडी बांधणाऱ्याकडून त्यांनी जीपमागे जोडायची एक गाडी बांधून घेतली. आत पलंग, ओटा, सिंक, एवढीशी मोरी, खाली पाण्याची टाकी. आणि टाकीतलं पाणी नळापर्यंत ढकलायला मी.

माझं काम सोपं आहे. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि मला जाग येते. नळ बंद झाला की दाब भरतो आणि मी गप्प होतो. यापलीकडे मला अक्कल नाही, पण एवढ्या बाबतीत मी कधी खोटं बोलत नाही.

गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मग भागोजींनी ट्रकच्या केबिनमध्ये जन्मभर बाळगलेली एकवीरा आईची तसबीर आणली. दारातून शिरताच दर्शन झालं पाहिजे म्हणून त्यांनी समोरची भिंत निवडली, ड्रिल लावलं आणि चांगला लांबलचक स्क्रू पिळला. ट्रकमध्ये असं चालतं, पत्र्यामागे तिथे काही नसतं. इथे प्लायवूडमागे माझी नळी होती. स्क्रू नळीत शिरला आणि बुचासारखा तिथेच बसला. बूच म्हणजे अगदीच गळकं बूच. मी कळवळून ओरडलो, कुर्रर्र. भागोजी हात जोडून म्हणाले, "बग, पंपपन आईला नमस्कार करतंय."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सगळे नळ बंद, तरी दाब उतरायचा आणि मी थोड्या थोड्या वेळाने कुरकुरायचो. भिंतीमागून झिरपलेलं पाणी फरशीखालून वाट काढत दाराच्या पायरीवर थेंब थेंब पडायचं. पाणी पडलं दारात, म्हणून सगळ्यांनी शोधलं दारात. माणसांची ही सवय मी नीट पाहिली आहे. जिथे दुखतं तिथेच ते चोळतात.

पहिल्यांदा भागोजींनी ठमाबाईंवर आळ घेतला. तुझा हात ओला असतो, गाडीत भांडी निथळत ठेवतेस, असं म्हणाले. ठमाबाईंनी भांडी उन्हात नेऊन ठेवली आणि बोलणंच बंद केलं. पायरी ओलीच राहिली. मग सदा प्लंबर आला. त्याने सिंकखालचे सगळे जोड आवळले, पांढरी टेप गुंडाळली आणि माझ्याकडे बघून चुकचुकला. मग दाराचं रबर बदललं. मग भागोजींनी छपराच्या फटी बुजवल्या. पाऊस नव्हता, ढगही नव्हता, पण माणूस एकदा फटी बुजवायला लागला की त्याला थांबवता येत नाही. शेवटी ठमाबाईंनी फरशीवर रांगोळी भुरभुरली, पाणी कुठून येतं ते दिसेल म्हणून. युक्ती नामी होती. पण त्याच दुपारी शेजारच्या कृष्णाबाई डोकावल्या, छान रांगोळी घातलीय म्हणाल्या आणि सगळी रांगोळी पायाने पुसून पलंगावर जाऊन बसल्या.

इकडे प्रवासाचा दिवस ठरला होता. आधी किहीम, मग रेवदंडा. भागोजींनी जीपला तेलपाणी केलं होतं. तेव्हा अबोला सोडून ठमाबाईंनी एकच वाक्य ऐकवलं, "ज्या घरातून पानी गलतं त्या घरातून लक्ष्मी जाते. गलकं घर घेऊन मी निघायची न्हाय."

भागोजींचा चेहरा उतरला. या एका प्रवासासाठी त्यांनी हे सगळं मांडलं होतं. सदाला पुन्हा बोलावलं. सदाने कान लावला, माझी कुरकुर ऐकली आणि निकाल दिला की दोष पंपाचाच, बदलून टाका. अलिबागहून नवा पंप आला. चकचकीत खोक्यातली ती माझी सवत ओट्यावर ठेवली गेली आणि मी रात्रंदिवस तिच्याकडे बघत कुरकुरत राहिलो. जो खरं सांगतो त्यालाच आधी काढतात, याचं मला फार वाईट वाटलं. ते मी लपवणार नाही.

पण मला काढायच्या सकाळीच चमत्कार झाला. कृष्णाबाई तसबिरीला हार घालायला आल्या आणि त्यांच्या बोटांना ओल लागली. स्क्रूवरून सरकत आलेलं पाणी तसबिरीच्या मागून पाझरून चौकटीखाली थेंबाथेंबाने जमत होतं. कालचा झेंडूचा हारसुद्धा टवटवीत होता. कृष्णाबाईंनी आळीभर सांगितलं की देवीला घाम फुटलाय. तासाभरात अंगणात बायका जमल्या, नारळ आले, उदबत्त्या लागल्या. माझ्या कपाटात एवढा धूर शिरला की मला शिंकता येत नाही याचं त्या दिवशी पहिल्यांदा दुःख झालं.

कृष्णाबाई चौकटीखाली वाटी धरून उभ्या राहिल्या. घाम फुटला म्हणजे आईला प्रवास पसंत नाही, असा अर्थही त्यांनीच लावला. बायकांनी माना डोलावल्या. भागोजी भाविक माणूस. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, ठमाबाईंकडे पाहिलं आणि जीपची चावी खिशातून काढून ओट्यावर ठेवली. आई नको म्हणते तर नको, एवढंच पुटपुटले. आवाज असा निघाला की मी स्वतः क्षणभर कुरकुरायचं विसरलो.

ठमाबाई त्या चावीकडे बघत राहिल्या. मग कृष्णाबाईंच्या हातातल्या वाटीपुढे त्यांनी ओंजळ केली, तीर्थ घेतलं, डोळे मिटून जिभेवर घोळवलं. पुन्हा घेतलं. बायकांना वाटलं, बाई भक्तीत बुडाली.

"खारट न्हाय," ठमाबाई म्हणाल्या. "घाम असता तर खारट असता. मी मिठागरात वाढलंय, खारट काय असतं ते मना कोनी सांगू नये. ह्याला नव्या टाकीचा वास येतंय. हे आपल्याच टाकीचं पानी हाय."

भागोजी हळूहळू भिंतीजवळ गेले. तसबीर हाताने जराशी वर उचलून त्यांनी मागे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला मी कितीही दिवस जागलो असतो.

"स्क्रू मीच मारलाय," ते म्हणाले.

त्यांनी आईची माफी मागितली, तसबीर उतरवून अदबीने कृष्णाबाईंच्या हातात दिली आणि पेचकस घेऊन स्क्रू उलटा फिरवला. मला आधी बंद करायचं असतं हे कुणालाच सुचलं नाही. बूच निघालं आणि मीही मागे हटलो नाही. एवढ्या दिवसांची भडास होती. भागोजींची छाती भिजली, कृष्णाबाईंची नवी साडी भिजली, उदबत्त्या विझल्या. ठमाबाईंनी पलंगावर गुडघा टेकून माझं बटण बंद केलं आणि मग त्या जे हसायला लागल्या, त्यांना आवरेनाच. कृष्णाबाई मात्र तसबीर छातीशी धरून, चिंब भिजून, प्रसाद मिळाला म्हणत होत्या.

सदाने प्लाय कापली, नळीचा तुकडा बदलला आणि भिंतीतच काहीतरी असेल असं आपण आधीपासून म्हणत होतो, असंही सांगितलं. आई आता दाराच्या वर, चिकटपट्टीवर विराजमान आहे. बटण चालू केलं. नळीत दाब भरला. मी थांबलो. भागोजी कपाटाशी कान लावून कितीतरी वेळ उकिडवे बसले. मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "खरा बोलत व्हतास रे बाबा."

सध्या आम्ही रेवदंड्यात, खाडीच्या मुखाशी आहोत. समोर बोंबील वाळत घातलेत. नवी सवत पलंगाखाली खोक्यात निजली आहे. राहू दे बिचारी. माझी एकच विनंती आहे. तुमच्याही घरात सगळे नळ बंद असताना कुणी कुरकुरत असेल, तर त्याला गप्प बसवायच्या आधी पाणी कुठे जातंय ते बघा.

आज सकाळी ठमाबाईंनी स्वतःच्या सिंकमध्ये, स्वतःच्या नळाखाली मासळी धुतली. मी जागा झालो, त्यांनी नळ बंद केला, मी गप्प झालो. भागोजी आवराआवर करत होते. ठरल्याप्रमाणे आज परत फिरायचं होतं. ठमाबाई दारातल्या कोरड्या पायरीवर बसून बोटींकडे बघत होत्या. भागोजींनी गाडी जोडू का म्हणून विचारलं, तर त्या वळल्यासुद्धा नाहीत.

"अवो, आधी टाकी भरून घ्या," त्या म्हणाल्या. "पुढं काय काय हाय, ते बगू."