डाळिंबाचे दाणे आणि चमचाभर दही

मी एक मातीची बरणी. पुराणवस्तू वगैरे समजू नका हं. अथेन्सच्या एका गल्लीत टुरिस्टांसाठी केलेली नक्कल आहे मी. अंगावर काळ्या रंगात चित्र आहे: पाताळाचा राजा, आणि त्याने पळवून नेलेली धान्यदेवतेची लेक. राजा डाळिंब पुढे करतोय.

अर्चनाबाईंनी मला लीड्सला आणलं. त्या युनिव्हर्सिटीत ग्रीक पुराणकथा शिकवायच्या. दर ऑक्टोबरात मला टेबलावर मांडून तेच सांगायच्या. लेक गेली म्हणून देवतेने पिकं रोखली. लेक सुटली, पण तिथले दाणे खाल्ले होते, म्हणून दरवर्षी काही महिने तिला पाताळात परतावंच लागतं. मग चर्वितचर्वण. कुणी म्हणे, ही पेरलेल्या बियाण्याची गोष्ट. कुणी म्हणे, सासरी गेलेल्या मुलींची. मूळ कुठलं, तर जुनी स्तोत्रं, गावोगावचे विधी आणि मडक्यांवरची चित्रं. मला तर कुंभाराने पोस्टकार्ड बघून रंगवलं होतं! ऐकून ऐकून कान किटले माझे.

पुढे काठाचा टवका उडाला आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात आले. पोटात डाव, झारे, उलथनी. लेक्चरांपेक्षा बरं.

२००७चा सप्टेंबर. बाईंची एकुलती एक लेक निधी नोकरीसाठी लंडनमधल्या एजवेअरला निघाली. नोकरी लीड्सलाही मिळत होती. पण कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, जेवलीस का, या रोजच्या चौकशीला पोरगी विटली होती. ती परत येते की नाही, या धास्तीने बाईंना घास उतरत नव्हता.

निघताना रीतीप्रमाणे त्यांनी दह्याचा चमचा तिच्या हाताशी नेला. "घे. आणि दर फ्रायडेला ये."

निधीने हात मागे घेतला. "नको, आई. घरचं दही खाल्लं की परत यायलाच लागतं, तूच सांगतेस ना. आय वॉन्ट टू कम बिकॉज आय वॉन्ट टू."

बाईंची नजर माझ्यावर गेली. इतकी वर्षं त्या धान्यदेवतेची, त्या आईची बाजू मांडत आल्या होत्या. चमचा मात्र आज त्यांच्याच हातात होता. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "नको खाऊस. जा, बाळा. ट्रेन चुकेल."

मराठी आई निघणाऱ्या लेकीला 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणते. बाई मात्र 'जा' म्हणाल्या.

आता डिसेंबर आलाय. निधी अजून आलेली नाही. मला अर्थ विचारू नका, मी थकलेय. बाई दर गुरुवारी विरजण लावतात, आणि शुक्रवारी फोन उचलून, निधीला न लावताच परत ठेवतात. तेवढं त्यांना जमत राहो, एवढंच माझं मागणं.