केबिनपुरती चिप

मल्लाप्पांना माती देऊन महिना झाला नव्हता, तोच हंबीरराव वर्कशॉपच्या दारात हजर. अठ्ठ्याण्णव साल. शिरोलीत हंबीररावांची ओतकामाची फौंड्री. भट्टीचं तापमान दाखवणारी वायर खालच्या ऑफिसात ज्या कॉम्प्युटरला लागते, त्याच्याच टेबलाशी मल्लाप्पांना शॉक बसून ते गेले होते. भट्टीची वीज गळाली आणि त्या बारीक तारेवरून चालत त्यांच्या बोटांपर्यंत आली.

तापमानाचे मीटर मल्लाप्पा आणि त्यांची लेक मिळून बनवत. आता वर्कशॉपात दानेश्वरी एकटीच होती.

"पोरी, तुझा बाप देवमाणूस," हंबीरराव खुर्ची ओढत म्हणाले. "पर काम अर्धं टाकून गेला. भट्टी बंद हाय. वायर आन कॉम्प्युटरच्या मधली ती जळकी चिप बदलून दे."

"तसलीच नाही बसवणार, काका. आयसोलेटेड लागेल."

टेबलावर दोन चिपांची माहितीपत्रकं होती. एक निरोप झटपट पोचवणारी, पण वीज अडवायला कच्ची. दुसरी मंद, पण वीज पक्की अडवणारी. भट्टीचं तापमान सेकंदाला एकदा कळलं तरी पुरे, म्हणून दानेश्वरीने दुसरीखाली रेघ ओढली होती.

"हिच्या पोटात दोन भाग आहेत. त्यांना जोडणारं तांबं नाही. निरोप पलीकडे जातो, वीज जात नाही. बंगलोरहून यायला तीन आठवडे लागतील."

"तवर फौंड्रीला कुलूप घालू? मल्लाप्पाबी ह्येच म्हणत हुता. खंडेनवमीला चालू मशीनला हार घालायचाय म्हटल्यावर बसवलीच की साधी."

"तुम्ही बसवायला लावलीत."

"नशीब असतंय एकेकाचं."

हंबीररावांबरोबर आलेला फौंड्रीतला कामगार कृष्णात दाराशी उभा होता. त्या टेबलावर आता तोच बसणार होता. दानेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं, मग हंबीररावांकडे.

"बरं. साधी बसवते, आजच. पण कॉम्प्युटर वर न्या. तुमच्या केबिनमध्ये, तुमच्या टेबलावर."

हंबीररावांचा पाण्याचा तांब्या ओठाशी थांबला. इतके दिवस जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या घोटाबरोबर उतरलं.

"माझ्या टेबलावर कशाला?"

"नशीब बघायला."

हंबीररावांनी तांब्या टेबलावर ठेवला.

"इतकं वंगाळ असतंय व्हय ते? मल्लाप्पानं जरा इस्कटून सांगाय पायजे हुतं."

तिच्या अप्पांनी, मल्लाप्पांनी, याच खोलीत, याच माणसाला चित्र काढून समजावलं होतं.

"मागव तुझी चिप," हंबीरराव म्हणाले. "केबिनातबी एक कॉम्प्युटर ठिवतो, तिथं बसव. मलाबी तापमान बसल्या जागी दिसाय पायजे."

दानेश्वरीने पेन उचललं. "दोन मागवते. एक कृष्णातच्या टेबलाला."

"एकच. खाली साधी चालतीया. तू न्हाय दिलीस तर इचलकरंजीचा एकजण तयार हाय." ते दाराकडे वळले. "काय रं, चालतंय न्हवं?"

"चालतंय की, मालक," कृष्णात चपलांकडे बघत म्हणाला.

"कृष्णात, मी काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं की, ताई. पर भट्टी बंद म्हंजे मीबी घरात."

"मग माझ्याकडून एकही मिळणार नाही," दानेश्वरी म्हणाली.

हंबीररावांनी वाद घातला नाही. जाताना रेघ ओढलेल्या माहितीपत्रकाची घडी घालून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीचा माणूस खाली साधी चिप बसवून गेला. भट्टी पेटली. केबिनपुरती चिप हंबीररावांनी स्वतः बंगलोरला फोन करून मागवली. कुठली मागवायची, ते तिच्या रेघेमुळे लगेच सापडलं.