न गळणारे झाकण

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला एका जागी उभे राहणे सोसत नाही. आताही अंगणात उभी आहे, पण सगळे लक्ष फाटकाकडे. आठ वाजायला आले आहेत आणि आठ वाजता मला निघायचे असते. तेव्हा माझी कहाणी जरा घाईतच सांगते. मधे काही सुटले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबच लांब शेडमध्ये झाला. कोणी दारे बसवली, कोणी चाके, आणि अगदी शेवटी एका बाईने माझ्या पेट्रोलच्या टाकीचे झाकण हातात घेतले. त्या झाकणाला मधोमध टाचणीच्या टोकाएवढे छिद्र होते. तिने झाकण उजेडाकडे धरले, एक डोळा मिटून छिद्रातून पाहिले आणि मगच ते मला लावले. एवढ्याशा छिद्राचे हिला काय कौतुक, असे मला तेव्हा वाटले होते. तरुणपणी आपल्याला सगळेच कळते, त्यातलाच तो प्रकार.

पहिली काही वर्षे मी एका जमीन मोजणाऱ्याकडे होते. त्यानंतर मला प्लंबरकाकांनी घेतले. टपावर पाइप, मागच्या सीटवर पाने आणि नळ, पुढे काकांच्या ओल्या बुटांचा चिखल. बावीस वर्षे आम्ही दोघे लोकांच्या घरची गळती बंद करत हिंडलो. काका फार शिस्तीचे. माझी टाकी कायम गळ्यापर्यंत भरलेली असायची. कुठे थेंब पडल्याचा आवाज आला की त्यांना घास गिळवत नसे. पाहुणे म्हणून गेले तरी यजमानांच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करूनच उठत, आणि काकू मान खाली घालून बसत. माझ्या बॉनेटवर थाप मारून ते ज्याला त्याला सांगत, "माणसं दगा देतील, ही नाही देणार." ते ऐकून मी फुगत असे, खोटे कशाला बोलू.

पुढे काकांनी काम थांबवले आणि त्याच वर्षी काकूंची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीनदा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला चाळीस मिनिटांवरच्या इस्पितळात न्यावे लागे. नऊ वाजता त्यांच्यासाठी यंत्र मोकळे होई आणि एक वाजता पुढचा रोगी हजर असे. जेवढा उशीर होई, तेवढे काकूंचे उपचार कापले जात. टपावरचे पाइप गेले, मागच्या सीटवर दोन उशा आल्या. काका काकूंना शालीत गुंडाळून बसवत, शालीला पिन लावत आणि खिडकीची काच शेवटपर्यंत वर करत.

"अहो, जरा वारा तरी येऊ द्या," काकू म्हणत.

"वारा बाधेल," काका म्हणत, आणि विषय संपे.

आता मूळ दुखण्याकडे येते. माझ्या झाकणाचे रबर वाळले होते. टाकी काठोकाठ भरलेली, त्यामुळे वळणावर दोन थेंब बाहेर यायचे. त्या वासाने काकूंना मळमळे. एकदा परतीच्या वाटेवर त्यांना फार उलट्या झाल्या. त्या संध्याकाळी काकांनी झाकण काढले, चष्मा पुसला आणि नीट पाहिले. वाळलेले रबर दिसले, आणि मधले छिद्रही दिसले.

"हे बघ," ते काकूंना म्हणाले, "इथून येतो वास. झाकणालाच भोक ठेवलंय. कामात लक्ष नसतं हल्ली कुणाचं."

चाळीस वर्षे ज्याने भोकेच बुजवली, त्याला भोक दिसले की तो दुसरे काय करणार? त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा जाड वॉशर कापला. कंपासने काढल्यासारखा गोल. झाकणाच्या आतून तो सगळीकडून चिकटवला आणि छिद्रात वरून आणखी डिंकासारखा घट्ट पदार्थ भरला. एक थेंब गळेना, कणभर वास येईना. काकू म्हणाल्या, "तुमच्या हातात जादू आहे." काका लाजले. मलाही बरे वाटले, कारण माझ्यामुळे त्यांना उलट्या झाल्या होत्या.

पण मित्रांनो, टाकीतले पेट्रोल जसजसे खर्च होते, तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ते छिद्र त्यासाठीच होते. आता हवा येईना. पुढे इंजिनाजवळचा पंप पेट्रोल ओढत राही आणि मागे टाकी ते आतून धरून ठेवी. टाकी भरलेली, म्हणजे आत हवा आधीच कमी. वीस-पंचवीस मिनिटांत माझा जीव कासावीस होई, दोन आचके देऊन मी रस्त्यातच बंद पडे, आणि किल्ली कितीही फिरवली तरी इंजिन धरत नसे. अर्ध्या तासाने कुठल्यातरी जुन्या सांध्यातून थोडी हवा झिरपली की मी पहिल्या किल्लीला सुरू होई. काका मग माझ्याकडे असे बघत, की मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

काकांनी मला मिस्त्रींकडे नेले. मिस्त्री मोठे नावाजलेले. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते ऐकत. त्यांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरीच्या तारा घासल्या आणि मला घेऊन बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. दहा मिनिटांत मी कशाला बंद पडते? "एकदम ठणठणीत," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी कालव्याच्या पुलाआधी मान टाकली.

मग मिस्त्रींनी दुसरे निदान केले. "गरम झाली की नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं टाका आणि थोडं थांबा." काकांनी डिकीत बादली ठेवली. मी बंद पडले की ते कालव्याचे पाणी आणत, फडके पिळत आणि पंपावर ठेवत. अर्ध्या तासाने मी सुरू होई आणि श्रेय फडक्याला जाई. मी आतून ओरडत होते, अहो, दुखणे मागे आहे, पुढे काय पाणी ओतता. पण आम्हाला हॉर्नखेरीज आवाज नाही, आणि तोही दुसऱ्याच्या हातात. काटा टाकी भरलेली दाखवत होता. भरलेल्या टाकीचे झाकण उघडून कोण बघणार? पेट्रोल भरताना पेट्रोलपंपावरचा माणूस ते उघडी, तेव्हा फुस्स असा आवाज होई, पण त्या गोंगाटात तो कुणाच्या कानावर पडत नसे.

एकदा मी वाटेत तीन-चारदा थांबले आणि आम्ही दीड तास उशिरा पोचलो. काकूंना जेमतेम अडीच तास यंत्र मिळाले. संध्याकाळी त्यांचे पाय सुजले आणि त्यांना आडवे पडले की धाप लागू लागली. त्यांची लेक इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत राहते. ती दुसऱ्या दिवशी आली ती ठरवूनच.

"बाबा, आता पुरे. आणखी एकदा ही गाडी रस्त्यात थांबली, तर आई माझ्याकडेच राहील. तुम्ही भेटायला या."

"माझं घर आहे इथे," काकू म्हणाल्या.

"घर कुठे पळून जात नाही, आई. तुझा वेळ जातोय."

  लेकीच्या घरी जागा एका माणसापुरती होती, हे तिघांनाही ठाऊक होते. पुढच्या फेरीच्या सकाळी काकांनी, मी थांबलेच तर म्हणून, काकूंची बॅग भरली आणि माझ्या डिकीत, बादलीशेजारी ठेवली. बॅग हलकी होती, पण इतके जड ओझे मी पाइपांच्या काळातही वाहिले नव्हते.

निघालो. काका घड्याळ बघत होते आणि मी मिनिटे मोजत होते. काकू मात्र बोलत होत्या. त्यांना गप्प बसवत नाही. "परवा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं सलाईन थांबलं. बाटली भरलेली, नळी ठीक, सुई ठीक, पण थेंब काही पडेना. तीन जणी खटपट करून गेल्या. मग ती बुटकी नर्स आली, तिनं बाटलीच्या वरच्या अंगाला एक सुई खुपसली. लागलं की सुरू व्हायला. म्हणाली, हवा आत जायला वाट नको का?"

मित्रांनो, माझे सगळे सांधे कान होऊन ऐकत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. पण काकू नर्सच्या उंचीवर घसरल्या, तिथून तिच्या लग्नावर गेल्या, आणि मी पुलाच्या चढावर दोन आचके देऊन थांबले.

आठ वाजून चोवीस मिनिटे झाली होती. काकांनी चार वेळा किल्ली फिरवली. मग उतरले आणि बादली घ्यायला डिकी उघडली. बॅग दिसली, तसे ते तिथेच उभे राहिले. काकूंनी मागच्या काचेतून त्यांना पाहिले, आणि नर्सच्या लग्नाची गोष्ट अर्धवट सोडली. 

"अहो," त्या दार उघडून म्हणाल्या, "त्या झाकणाचं भोक तुम्ही कधी बुजवलंत?"

"उलट्या झाल्या त्या दिवशी. का?"

"आणि गाडी बंद पडायला लागली कधी?"

 काकांनी बादली तिथेच सोडली, माझ्या बाजूला आले आणि झाकण फिरवले. फुस्स. निर्जन पुलावर तो आवाज दोघांनीही ऐकला. माझ्या आत हवा शिरली आणि कित्येक आठवड्यांनी मला हायसे वाटले.

"मीच," काका म्हणाले. झाकण हातात घेऊन ते रस्त्यावर उभे होते. "मीच केलं गं हे. तुझे पाय सुजले ते माझ्यामुळे."

"माझ्यासाठीच केलंत ना? रडायचं ते नंतर रडा. आधी ते मोकळं करा."

काकांनी चाकूने वॉशर खरवडून काढला. छिद्रात घट्ट बसलेले मात्र निघेना. काकूंनी शालीची पिन काढून पुढे केली. शाल खांद्यावरून घसरली, तरी काकांनी ती सावरली नाही. पिनेने छिद्र कोरले, झाकण उजेडाकडे धरले आणि एक डोळा मिटून पाहिले.

"पण वास येईल आता," ते म्हणाले.

"येऊ दे. मी काच उघडते."

थोडी कुरकुर करून मी सुरू झाले. नंतर मी जी पळाले, ती नऊला पाच मिनिटे कमी असताना इस्पितळाच्या दारात उभी राहिले. लेक वाटच बघत होती. तिने सरळ डिकीला हात घातला.

"राहू दे ती," काकू म्हणाल्या. "वेळेवर आलोय आम्ही."

ती बॅग संध्याकाळी माझ्याबरोबरच घरी परत आली.

त्याला आता दोन वर्षे झाली. मला म्हातारीला इतकेच सांगायचे आहे, की तुमची गाडी असो वा माणूस, कुणी चालता चालता थांबले, तर त्याच्या डोक्यावर पाणी ओतण्याआधी आपण त्याची कुठली वाट बंद केली आहे का, ते बघा. काळजी जरूर घ्या. माझीही घ्या. पण ज्याची घेता त्याला श्वासापुरती जागा ठेवा.

दार वाजले. काका आले. किल्ली लावण्याआधी ते माझे झाकण काढतात, उजेडाकडे धरतात आणि पुन्हा लावतात, प्रत्येक फेरीला. नवे रबरही त्यांनी आणले आहे, छिद्र सोडून कापलेले. काकू बसल्या. त्यांनी काच चार बोटे खाली घेतली. काकांचा हात तिकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत येऊन किल्लीवर बसला.